ऑलिम्पिकचे शब्द शिकवायचे तर आधी सामना सांगायला शिकवा

बाई, तुमचा प्रश्न नीट वाचला. गुहागर तालुक्यातल्या शाळेत तुम्ही सातवी-आठवीला इंग्रजी शिकवता. उन्हाळी ऑलिम्पिकशी संबंधित शब्द मुलांना इंग्रजी आणि मराठी दोन्हींत यावेत म्हणून तुम्ही लांबलचक यादी करून दिलीत. मुलांनी पाठ केली, आणि पंधरवड्यानंतर विचारलं तर निम्मे शब्द गायब. ज्यांना शब्द आठवतात त्यांनाही टीव्हीवर पाहिलेल्या सामन्यात काय घडलं ते सांगता येत नाही. यादी कशी सुधारावी, कुठला शब्द मराठीत आणि कुठला इंग्रजीत ठेवावा, आणि चाचणी कशी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

मी देवगडकडच्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण आणि इंग्रजी असे दोन्ही विषय अनेक वर्षं शिकवले. त्या आधारावर सांगतो की तुमची मुलं विसराळू नाहीत आणि यादीची लांबी हीसुद्धा खरी अडचण नाही. तुमच्या यादीत सगळी नावंच आहेत: जॅव्हलिन, मेडल, स्टेडियम, रेफरी, रिले. पण खेळ घडतो. कुणीतरी पात्र ठरतं, कुणी बाद होतं, कुणी विक्रम मोडतं, कुणाची फेक अवैध ठरते. ही क्रियापदं यादीत नसली की मुलाजवळ नुसते सुटे शब्द राहतात, वाक्य होत नाही. आणि जो शब्द वाक्यात बसत नाही तो टिकत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सामान्यज्ञान स्पर्धेसाठी खेळांची नावं एवढंच हवं असेल तर तुमची यादी पुरेशी आहे, फार बदलू नका. वर्ग सेमी-इंग्रजीचा असेल तर इंग्रजी वाक्यं लवकर येतील. पूर्ण मराठी माध्यमाचा असेल तर आधी तोच सामना मराठीत सांगून घ्या, मग इंग्रजीकडे वळा. आणि आठवड्याला एकच तास मिळत असेल तर सगळ्या खेळांच्या मागे लागू नका. तीन खेळ निवडा, पण ते शेवटपर्यंत न्या.

माझी पद्धत अशी. एक सामना घ्यायचा, तो गोष्टीसारखा सांगायचा आणि त्यातून शब्द काढायचे. सगळ्यात उपयोगी पडते ती पॅरिस २०२४ ची पुरुषांची भालाफेक. पात्रता फेरीत थेट अंतिम फेरी गाठायला ८४ मीटरची अट होती. नीरज चोप्राने पहिल्याच प्रयत्नात ८९.३४ मीटर फेक केली आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपवलं. अंतिम फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने दुसऱ्या प्रयत्नात ९२.९७ मीटर भाला फेकला. तो ऑलिम्पिक विक्रम ठरला, आधीचा ९०.५७ मीटरचा विक्रम नॉर्वेच्या आंद्रेआस थोरकिल्डसनने २००८ मध्ये बीजिंगला केला होता. नीरजनेही दुसऱ्या प्रयत्नात ८९.४५ मीटर गाठले, त्या हंगामातली त्याची ती सर्वोत्तम फेक होती. पण त्याचे बाकीचे पाचही प्रयत्न फाउल गेले. सुवर्ण नदीमला, रौप्य नीरजला.

आता बघा, या एका गोष्टीत काय काय आलं. क्वालिफाय, फायनल, अटेम्प्ट, फाउल, ऑलिम्पिक रेकॉर्ड, सीझन्स बेस्ट, गोल्ड, सिल्व्हर. मुलाला हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत, कारण प्रत्येक शब्दाला गोष्टीत जागा आहे. मग फळ्यावर वाक्यं लिहायची: ‘ही क्वालिफाइड फॉर द फायनल’, ‘ही ब्रोक द ऑलिम्पिक रेकॉर्ड’, ‘ही वन द सिल्व्हर मेडल’. त्यांच्यासमोर मराठी: अंतिम फेरीसाठी पात्र ठरला, ऑलिम्पिक विक्रम मोडला, रौप्यपदक पटकावलं.

इथे एखादा मुलगा हमखास विचारतो की ९२.९७ म्हणजे जागतिक विक्रम का? नाही. तो चेक प्रजासत्ताकच्या यान झेलेझनीचा, ९८.४८ मीटर, १९९६ चा. हा प्रश्न आला की तास सोन्याचा होतो, कारण विक्रमांची पूर्ण उतरंड एका दमात शिकवता येते: वैयक्तिक सर्वोत्तम, हंगामातली सर्वोत्तम, राष्ट्रीय विक्रम, ऑलिम्पिक विक्रम, जागतिक विक्रम. नीरजने पुढे मे २०२५ मध्ये दोह्याला ९०.२३ मीटर फेक केली, तो राष्ट्रीय विक्रम झाला. मुलांना ही उतरंड त्यांच्याच अंगावर लावून दाखवा. ओहोटीला ओल्या वाळूवर लांब उडी घ्यायला लावा आणि वहीत प्रत्येकाची ‘पर्सनल बेस्ट’ लिहून ठेवा. पाय रेषेपुढे पडला की लाल फडकं, नाही तर पांढरं. खऱ्या मैदानावरही अवैध प्रयत्नाला लाल आणि वैध प्रयत्नाला पांढरा झेंडाच दाखवतात. मोजताना उडी मारायच्या रेषेपासून वाळूतल्या सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत मोजायचं. मुलगा मागे हात टेकून बसला तर हातापर्यंतच. हे एकदा केलं की ‘अटेम्प्ट’, ‘फाउल’ आणि ‘मेझर’ हे शब्द परत शिकवावे लागत नाहीत.

यानंतरची पायरी म्हणजे निकाल कशावर ठरतो ते. मला ही गोष्ट शब्दांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे शब्दांचे गट आपोआप पडतात. काही खेळ घड्याळावर ठरतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषांचं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, त्या चौथ्या आल्या. लेन, स्टार्टिंग ब्लॉक, फॉल्स स्टार्ट, फोटो फिनिश हे शब्द या गटातले. काही खेळ मोजपट्टीवर ठरतात, भालाफेक त्यातली. काही ठिकाणी परीक्षक गुण देतात. दीपा कर्माकरने २०१६ मध्ये रिओला जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्ट प्रकारात प्रोदुनोव्हासारखी जोखमीची उडी घेतली आणि १५.०६६ गुणांसह ती चौथी आली. ही उडी किती अवघड आणि ती किती सफाईने केली, असे दोन हिशेब तिथे होतात; इंग्रजीत डिफिकल्टी आणि एक्झिक्यूशन. आणि काही ठिकाणी समोरासमोर लढत असते, जिथे प्रतिस्पर्ध्याला हरवायचंच असतं.

याच जागी एक चूक निपटून काढा. आपली मुलं ‘इंडिया वन ब्रिटन’ असं बिनदिक्कत लिहितात, कारण मराठीत ‘जिंकला’ आणि ‘हरवलं’ यांतला फरक बोलताना पुसट होतो. इंग्रजीत सामना किंवा पदक ‘विन’ होतं, प्रतिस्पर्धी ‘बीट’ होतो. ‘इंडिया बीट ब्रिटन’, ‘इंडिया वन द मॅच’. दुसरी चूक ‘आय प्ले स्विमिंग’. चेंडूचे आणि समोरासमोरचे बरेच खेळ ‘प्ले’ घेतात, हॉकी, बॅडमिंटन, टेनिस. पोहणं, धावणं, शिडाची होडी चालवणं यांना ‘गो’ लागतं. जुडो, जिम्नॅस्टिक्स, तिरंदाजी यांना ‘डू’. अपवाद निघतील, पण सातवीला एवढं पुरे.

फेऱ्यांचे शब्द मुलांना सगळ्यात रुक्ष वाटतात, म्हणून तिथे आपल्याकडचा दाखला द्या. नारळी पौर्णिमेला मालवणात नारळ लढवतात. एकाच्या नारळावर दुसऱ्याने नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो बाद, ज्याचा शाबूत तो पुढच्याशी लढायला उभा. हीच बाद फेरी, ‘नॉकआउट’. साखळी फेरी मात्र वेगळी, तिथे एक सामना हरूनही पुढे जाता येतं. दोन्ही एकत्र दाखवायचं तर पॅरिसमधला भारतीय पुरुष हॉकी संघ घ्या. साखळीतून तो उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, दहा जणांनिशी ब्रिटनला १-१ असं रोखून भारताने शूटआउटमध्ये ४-२ ने मात केली. उपांत्य सामना जर्मनीकडून २-३ असा गमावला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनला २-१ ने हरवलं. लीग किंवा ग्रुप स्टेज, क्वार्टर फायनल, सेमी फायनल, ब्राँझ मेडल मॅच, रेड कार्ड, शूटआउट: सगळं एका संघाच्या प्रवासात.

कुस्तीला मी वेगळा तास देतो आणि तुम्हीही द्या, कारण महाराष्ट्रातल्या मुलाजवळ कुस्तीचे मराठी शब्द आधीच असतात. डाव, पकड, चितपट, मातीवरची कुस्ती, गादीवरची कुस्ती. चितपट म्हणजे ‘फॉल’ किंवा ‘पिन’, गादी म्हणजे ‘मॅट’. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. वजनगट म्हणजे काय ते मुलांना विनेश फोगाटच्या प्रसंगातून पटकन समजतं: पॅरिसला ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. ‘वेट कॅटेगरी’, ‘वे-इन’, ‘डिसक्वालिफाइड’. मुली हे ऐकताना गप्प होतात, तेव्हा शब्दांची घाई करू नका, त्यांना बोलू द्या.

हरलेल्या पैलवानाला कांस्य कसं मिळतं हा प्रश्नही येणारच. अंतिम फेरी गाठलेल्या कुस्तीगीराकडून जे आधी हरले, त्यांना कांस्यपदकासाठी आणखी एक संधी मिळते, तिला रेपेचाज म्हणतात. साक्षी मलिकचं २०१६ चं पदक असंच आलं. कुस्तीच्या प्रत्येक वजनगटात दोन कांस्यपदकं असतात. बॉक्सिंगमध्ये तर उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं.

आता आपल्या किनाऱ्याचा विषय, जो मला सगळ्यात जवळचा. वर्तमानपत्रात ‘नौकानयन’ असा एकच शब्द छापून येतो आणि त्याखाली तीन वेगळे खेळ येतात. ‘सेलिंग’ म्हणजे शिडाची होडी, वाऱ्यावर चालते. ‘रोइंग’मध्ये वल्हं होडीला अडकवलेलं असतं आणि वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. ‘कनोइंग’मध्ये वल्हं नुसतं हातात असतं आणि खेळाडूचं तोंड पुढे असतं, त्यातही कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं, कनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला. रोइंगचं वल्हं ‘ओअर’, कनोइंगचं ‘पॅडल’. शहरातल्या मुलाला हे चित्र काढून समजवावं लागतं. तुमच्या वर्गात दाभोळच्या खाडीवर किंवा बंदरावर वाढलेली मुलं असतील, त्यांना शीड, वल्हं, सुकाणू, डोलकाठी यांतला फरक कुणी सांगायची गरज नाही. त्यांनाच वर्गासमोर उभं करा. समोरून वारा असताना होडी सरळ का नेता येत नाही, तिरकी-तिरकी का काढावी लागते, हे होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा आपल्यापेक्षा चांगलं सांगेल. तुम्ही फक्त ‘टॅकिंग’ हा शब्द त्याच्या हाती द्या. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसणारी मुलं या दिवशी पुढे येतात, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय.

सेलिंगचा निकालही शिकवण्याजोगा आहे. तिथे पहिल्या क्रमांकाला १ गुण, दुसऱ्याला २, असं चालतं आणि सगळ्यात कमी बेरीज असणारा जिंकतो. भारताकडून नेत्रा कुमानन आणि विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सेलिंगमध्ये उतरले. रोइंगमध्ये २०१६ ला दत्तू भोकनळ सिंगल स्कल्स, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी वल्हवायच्या प्रकारात खेळला. तो नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, समुद्रापासून दूरचा. सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला. पाण्यावर वाढलेल्या आपल्या मुलांनी हे ऐकायलाच हवं.

मराठी की इंग्रजी, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. जो शब्द वर्तमानपत्रात आणि समालोचनात रुळला आहे तोच घ्या, नवीन घडवू नका. भालाफेक, गोळाफेक, थाळीफेक, तिरंदाजी, नेमबाजी, लांब उडी, तिहेरी उडी, उपांत्य फेरी, पदकतालिका हे मराठीतच छान चालतात. लेन, हीट (शर्यतीची प्राथमिक फेरी), बॅटन, फाउल, सर्व्हिस, शूटआउट यांना ओढून-ताणून मराठी करू नका, मुलं ते वापरणार नाहीत. दोनच ठिकाणी सावध राहा. ‘अडथळ्यांची शर्यत’ हे हर्डल्सलाही म्हणतात आणि स्टीपलचेसलाही, पण ते वेगळे प्रकार आहेत. हर्डल पाय लागला तर पडतं. स्टीपलचेसचा अडथळा जड असतो, पडत नाही, त्यावर पाय देऊन जाता येतं, आणि एका अडथळ्यापुढे पाण्याचा खड्डा असतो. बीडचा अविनाश साबळे धावतो ती ३००० मीटर स्टीपलचेस, तिच्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. दुसरी जागा ‘पंच’. मराठीत सगळे पंच, पण इंग्रजीत फुटबॉल आणि कुस्तीला रेफरी, हॉकी आणि टेनिसला अंपायर, जिम्नॅस्टिक्सला जज. हा तक्ता भिंतीवर लावा.

पदकतालिका शिकवताना एक आकडा वापरा: पॅरिसला भारताची सहा पदकं, एक रौप्य आणि पाच कांस्य, आणि क्रमांक ७१ वा. पाकिस्तानचं एकच पदक, पण सुवर्ण, म्हणून क्रमांक ६२ वा. तालिका आधी सुवर्ण मोजते, मग रौप्य, मग कांस्य. मुलं यावर वाद घालतात. घालू द्या, इंग्रजीत घालायला सांगा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर आपल्याकडे जुलै-ऑगस्टात मैदानात चिखल असतो, आणि ऑलिम्पिक नेमकं तेव्हाच येतं. म्हणून वाळूवरचे आणि मोजण्याचे तास उन्हाळ्याच्या सुट्टीआधी किंवा दिवाळीनंतर घ्या, पावसात व्हरांड्यात सामना सांगण्याचा सराव. पुढचं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला १४ ते ३० जुलै २०२८ ला आहे. त्यात टी-ट्वेंटी क्रिकेट आहे. १९०० च्या पॅरिसनंतर क्रिकेट पहिल्यांदा परत येतंय, त्यामुळे मुलांना ओढावं लागणार नाही. शिवाय तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. तिथल्या संध्याकाळच्या लढतींचे निकाल आपल्या परिपाठाच्या सुमारास हाती येतील. रोज एका मुलाने परिपाठात एक निकाल सांगायचा, आज मराठीत, उद्या इंग्रजीत, असा पायंडा आत्तापासून शालेय स्पर्धांच्या निकालांवर पाडा.

चाचणीचं शेवटी. ‘अर्थ लिहा’ हा प्रश्न काढून टाका. मुलाच्या हाती निकालाचा छोटा कागद द्या: खेळाडूंची नावं, देश, प्रयत्न, अंतर, क्रमांक. त्यावरून त्याने चार वाक्यं बोलायची. कोण पात्र ठरलं, कोण कितवं आलं, विक्रम झाला का, कुणाचा प्रयत्न फाउल गेला. वाक्य मोडकंतोडकं असलं तरी क्रियापद बरोबर असेल तर पूर्ण गुण द्या, उच्चारासाठी गुण कापू नका. तुमची जुनी यादी फेकू नका. तिच्यातल्या प्रत्येक नावापुढे एक रिकामा रकाना आखा आणि त्या नावाचं काय होतं ते मुलांनाच भरायला सांगा: बॅटन ‘पास’ करतात, पेनल्टी कॉर्नर ‘घेतात’ किंवा ‘वाचवतात’, सर्व्हिस ‘ब्रेक’ होते. ज्या नावापुढे वर्गातल्या एकालाही काही लिहिता येणार नाही, तो शब्द यंदापुरता खोडा.